आबांना दाखवायचा सिनेमा

आमचा सिनेमा जेमतेम दीड तासाचा. पण तो संपल्यावर पडद्यासमोर तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात, आम्हाला त्यांवर बसवतात, हातात एकेक गुलाब देतात आणि म्हणतात, "आता आपण कलाकारांशी त्यांच्या सृजनप्रक्रियेबद्दल गप्पा मारू या." त्यापुढे जे सुरू होतं त्याला कुठलाच एडिटर कात्री लावू शकत नाही! गावोगावी अशा खुर्च्यांवर बसून इतके किस्से साठलेत, की मित्रमंडळी जमली तर सिनेमाबद्दल कोणी विचारत नाही. "तो पाठीचा किस्सा सांग गं," म्हणतात. मीही सांगते. सगळे हसतात. शेवटचा किस्सा मात्र मी सहसा सांगत नाही.

आधी खुर्च्यांवर कोण बसतं ते सांगते. मधल्या खुर्चीवर उल्हास, आमचा डायरेक्टर. राहणारा गोव्यातल्या डिचोलीजवळच्या खाणपट्ट्यातला. उजवीकडे कॅमेरावाला बाळासो. त्याचे वडील गडहिंग्लजकडून कारखान्यात कामाला म्हणून गोव्यात आले आणि इथलेच झाले, पण बाळासोच्या जिभेनं अजून घाट ओलांडलेला नाही. डावीकडे मी, साऊंडवाली. पेडण्याची. पोटासाठी भजनी स्पर्धांचं रेकॉर्डिंग करते, त्यामुळे टाळांच्या आवाजाला मी भीत नाही.

सिनेमा उल्हासच्या वडिलांवर आहे. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी उभा जन्म खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या, ट्रक पत्र्याच्या शेडखाली उभा राहिला. तरी आबा रोज सकाळी तो पुसायचे, सुरू करायचे, थोडा वेळ घुरघुरू द्यायचे आणि बंद करायचे. आई उल्हास कॉलेजात असतानाच गेली होती, घरात बापलेक दोघंच. आबा हळूहळू विसरायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. उल्हासला सिनेमा करायचा होता तो एवढ्यासाठी, की आबांना सगळं आठवतंय तोवर त्यांनी तो मोठ्या पडद्यावर, चार माणसांत बसून बघावा आणि काहीतरी बोलावं. काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "बरो झालो", म्हणजे चांगला झाला, एवढं म्हणाले तरी त्याला चाललं असतं. आबांनी आयुष्यात त्याला तेवढंही कधी म्हटलेलं नव्हतं.

* * *

पहिल्याच शहरातला पहिलाच प्रश्न. झब्बा घातलेले एक गृहस्थ उठले आणि बराच वेळ स्वतःच्याच विचारांचा परिचय करून दिल्यावर म्हणाले, "तर माझा प्रश्न असा की, तुमची प्रक्रिया काय?"

उल्हासनं माईक माझ्याकडे दिला, मी तो बाळासोकडे ढकलला.

बाळासो म्हणाला, "पर्क्रिया म्हंजे, फाटंचं उठायचं, आबांच्या हातचा चा घ्यायचा, आन् आबा म्हंतील तवा शूटिंग करायचं. आबा नको म्हटले की परत चा घ्यायचा."

लोक विनोद समजून हसले. पण अक्षरशः तसंच होतं!

* * *

खरं तर आबा सिनेमात काम करणारच नव्हते. त्यांच्या भूमिकेसाठी शहरातून एक नट आणला होता. चांगला, नाटकातला. त्यानं दाढी वाढवली होती, विडी ओढायला शिकला होता, ड्रायव्हरसारखा एक खांदा पाडून चालत होता. आबा नुसते ट्रक सांभाळायला म्हणून शेजारी उभे.

नट रुबाबात केबिनमध्ये चढला. पायात बूट.

आबा म्हणाले, "बूट काड."

आमच्याकडचा कुठलाही जुना ड्रायव्हर केबिनमध्ये चप्पल घालून चढत नाही. आतमध्ये देवाचा फोटो असतो, आणि केबिन झाडलेली, पुसलेली असते. नटाला हे काय ठाऊक! तो म्हणाला, "आजोबा, मी कॅरेक्टरमध्ये आहे."

"कॅरेक्टराक भायर बसय," आबा म्हणाले. "आदी बूट काड!"

काढले बिचाऱ्यानं. पण अनवाणी पायानं क्लच सोडताना ट्रकनं असा गचका दिला, की नट कॅरेक्टरमधून बाहेर आला आणि दुपारच्या बसनं घरी गेला. दुसरा आणायला आमच्याकडे वेळ नव्हता. उल्हासनं आबांकडे बघितलं. आबांनी चपला काढून शेडच्या खांबाशी ठेवल्या आणि वर चढले.

आता पंचाईत अशी, की उल्हास 'ॲक्शन' म्हणाला की आबा त्याच्याकडे बघायचे, "काय म्हणतंस?" शेवटी बाळासोनं तोड काढली. क्लीनर गाडी सोडताना करतो तसं त्यानं ट्रकच्या अंगावर दोनदा थाप मारली आणि ओरडला, "जांव दी!"

ट्रक सुटला. आबांचा चेहरा असा काही बदलला, की बाळासो फोकस करायचं विसरला. तो शॉट थोडा धूसर आहे. लोक विचारतात तेव्हा आम्ही 'स्मृतीचा धुरळा' असं सांगतो.

तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये ॲक्शन हा शब्द बंद. दोन थापा आणि जांव दी.

* * *

आता तो पाठीचा किस्सा.

सिनेमात एक लांबलचक शॉट आहे. बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलंय, काठावर ट्रक उभा आहे आणि आबा कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे आहेत. हलत नाहीत, बोलत नाहीत. या शॉटवर एका प्राध्यापकबाई एवढ्या खूश झाल्या, की म्हणाल्या, "ही पाठ म्हणजे संपूर्ण व्यवस्थेचा निषेध आहे. हो ना?"

उल्हास गंभीरपणे म्हणाला, "हो. निषेधच आहे."

बाळासो माझ्या कानाशी पुटपुटला, "माझा निषेध हुता त्यो." माईक सुरू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं!

झालं होतं असं, की शॉटसाठी उंची हवी म्हणून बाळासो चपलांसकट बॉनेटवर चढला होता. आबा रुसले. काही केल्या वळेनात. शेवटी आम्ही म्हटलं, आहे तसं शूट करू.

पण नंतर एडिटिंग करताना तो शॉट मी एकटीनं पुन्हा बघितला. रुसवा सुरुवातीपुरता आहे. मग आबांचे खांदे खाली येतात आणि ते त्या पाण्याकडे बघत राहतात. त्या जागी आधी काय होतं हे ते आठवत असावेत, किंवा आठवत नसावेत. प्राध्यापकबाईंचं अगदीच चुकलं नव्हतं.

* * *

साऊंडवाल्यांची एक रीत असते. प्रत्येक जागेची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. संवादांच्या मधे नुसती पोकळी ठेवली तर ती कानाला लगेच खुपते, म्हणून त्या जागेचीच शांतता तिथे भरायची. त्यासाठी सगळ्या युनिटनं जागच्या जागी गप्प उभं राहायचं.

खाणीच्या रस्त्यावर आम्ही असे उभे होतो. एक मनुष्य सायकलवरून येत होता, तो खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढून आमच्या शेजारी उभा राहिला. मग आबांच्या कानाशी येऊन हळूच, "कोण गेलो?"

"कोण नाय," आबा म्हणाले. "ती बाय आवाज भरता."

टेक गेला! पण आबांना कुतूहल वाटलं. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"हय काय आयकाक येना गे, बाय."

"तेच तर भरतेय, आबा."

"पयली हय कानाकडे येवन बोंब मारली तरी आयकाक येय नाय," ते म्हणाले. "गाडयेमागे गाडी." आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला. ते वाक्य रेकॉर्ड झालं आहे. सिनेमात घेतलेलं नाही. उल्हासला ते ऐकवत नाही.

* * *

शूटिंगमध्ये कपड्यांची मोठी कटकट असते. सिनेमातली गोष्ट एका दिवसात घडते. आबा रिकामा ट्रक घेऊन जुन्या रस्त्यानं नदीवरच्या जेटीपर्यंत जातात आणि परत येतात, एवढीच ती गोष्ट. म्हणजे अंगात सतत एकच शर्ट हवा. पण आबा रोज नवा, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. सिनेमा म्हटल्यावर रोज एकच घालायचा म्हणजे लोक काय म्हणतील!

मी त्यांना हात जोडले. "आबा, तो निळ्या चौकडीचा. रोज तोच. दुसरा घालायचाच नाही."

"रोज तोच?"

"रोज तोच."

ते त्यांनी लक्षात ठेवलं. शूटिंग संपलं, आम्ही एडिटिंगला लागलो. एके सकाळी मी काही कामानं त्या बाजूला गेले, तर तिठ्यावर आबा उभे. अंगात निळ्या चौकडीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत उंडे. शूटिंगच्या वेळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे घ्यायचं काम त्यांनी आपणहून पत्करलं होतं, आणि तो कडक गोल पाव बाळासोला इतका आवडायचा की बाकीच्यांच्या वाट्याला कमी यायचा.

मला बघून आबा वैतागले. "किती उशीर गे, बाय? लायट जाता मगे, आणि तो बाळासो बोंबलता!"

नंतर कळलं, ते बरेच दिवस असे येऊन उभे राहत होते. आम्ही दोघांनी तिथेच कट्ट्यावर बसून एकेक उंडा खाल्ला, आणि मी त्यांना घरी पोचवलं.

* * *

सिनेमा तयार झाला आणि उल्हासनं तो आधी घरी लॅपटॉपवर आबांना दाखवला. धीर निघाला नाही त्याला. आबांनी शांतपणे बघितलं, मग पडद्याला बोट लावून म्हणाले, "मागलो टायर बसलेलो दिसता. हवा मार." आणि उठून गेले.

उल्हास म्हणाला, लॅपटॉपच लहान आहे. मोठ्या पडद्यावर बघतील तेव्हा बोलतील.

त्या काळात आबा कधीकधी उल्हासला आपला जुना क्लीनर समजायला लागले होते. जेवता जेवता मधेच विचारायचे, "टायर बघलंस रे?" उल्हास सांगायचा, "बघले." पण नुसतं सांगायचा नाही. हात धुऊन शेडमध्ये जायचा आणि खरंच सगळे टायर ठोकून बघून यायचा. ट्रक कुठेच जाणार नसायचा.

* * *

मग आम्ही सिनेमा घेऊन हिंडायला लागलो आणि सगळीकडे एक प्रश्न हमखास येऊ लागला. "तुमच्या वडिलांनी पाहिला का? काय म्हणाले?"

एका गावात उल्हासनं सांगितलं, "पाहिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या." टाळ्या. पुढच्या गावात, "पाहिला. काही बोलले नाहीत, नुसता पाठीवर हात ठेवला." आणखी टाळ्या. त्यापुढच्या गावात आबा त्याला मिठी मारून रडले!

परतीच्या गाडीत बाळासो म्हणाला, "उल्हासराव, एका बापाचं किती एडिटिंग करणार?"

उल्हास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "फायनल कट मेळाक नाय अजून."

* * *

गडहिंग्लजला शो होता. बाळासोचं गाव, त्यामुळे सगळी भावकी हजर. त्याची आई पुढच्याच रांगेत. गावात दोन दिवस राहायला म्हणून आली होती. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर ती डोक्यावरचा पदर नीट करत उभी राहिली. माईक नको म्हणाली. आवाज मोकळा.

"त्या म्हाताऱ्याला जेवाय कोण घालतंय?"

लोक हसले. उल्हासही हसला. "मीच घालतो, काकू."

"आन् आज?"

उल्हास म्हणाला, "शेजारच्या वहिनी देतात. सांगून आलोय."

"मग हितं काय करालायस?" ती म्हणाली. ओरडून नाही, अगदी मायेनं विचारलं. "जा की लवकर."

उल्हासनं माईक खुर्चीवर ठेवला, स्टेजवरून उतरला, त्या माउलीच्या पाया पडला आणि सरळ स्टँडवर गेला. उरलेले प्रश्न बाळासोनं आणि मी झेलले. एकानं विचारलं, डायरेक्टर का गेले? बाळासो म्हणाला, "त्यास्नी उत्तर घावलं." एवढं शहाण्यासारखं तो पुन्हा कधी बोललेला नाही.

त्यानंतर उल्हासनं बाहेरगावचे शो घेतले नाहीत. आता फक्त आपल्या भागात करायचे, आणि आबांना घेऊन.

* * *

आपल्या भागातला पहिला शो केरीला झाला. समुद्राकाठच्या त्या गावातल्या पोरांनी मांडव घातला होता, पडदा ताणला होता. वाऱ्यानं पडदा असा फुगायचा, की आबांचा ट्रक मधेच गरोदर दिसायचा!

आबांना पहिल्या रांगेत बसवलं. नावं पडून गेली, ट्रक पडद्यावर आला, आणि आबा गाढ झोपले. उल्हासनं दोनदा हलवलं. मग सोडून दिलं. शेवटी टाळ्यांच्या आवाजानं ते जागे झाले आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवत राहिले.

उल्हास त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आबा, बघलास?"

"बघलो तर. दशावतार बरो झालो," आबा खुशीत म्हणाले. "पण राजाच काय आयलो नाय!"

घरी जाताना गाडीत आबा दशावतारातलं काहीतरी गुणगुणत होते. सूर अगदी पक्का होता.

* * *

आणि मग डिचोली.

रविवारची दुपार. बाजाराच्या मागचा हॉल. आम्हाला वाटलं होतं, कोण येणार? तर खाणींवरचे जुने ड्रायव्हर आले. बायकामुलांना घेऊन आले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी चपला दारात काढल्या. हॉलच्या पायरीवर चपलांचा ढीग! आतमध्ये त्यांचा ट्रक दिसणार होता ना.

आबांना उल्हासनं पुढच्या रांगेत बसवलं. अंगात निळ्या चौकडीचा शर्ट. आम्ही घालायला सांगितला नव्हता. त्यांनी स्वतःच कपाटातून काढला होता, असं उल्हास म्हणाला. त्या दिवशी सकाळपासून ते त्याला टायरबद्दल विचारत होते.

सिनेमा सुरू झाला. आबा जागे होते. मी आणि बाळासो भिंतीला टेकून उभे होतो आणि आम्ही दोघंही पडदा बघत नव्हतो. उल्हास तर आबांकडे तोंड करूनच बसला होता. पडद्यावर चौकडीच्या शर्टातल्या माणसानं चपला काढून खांबाशी ठेवल्या, केबिनमध्ये चढला. तशी आबांनी खुर्चीच्या हातावर दोन थापा मारल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "जांव दी!"

मागून सगळे ड्रायव्हर ओरडले, "जांव दी!" आणि ट्रक सुटला.

बाळासोनं तोंड भिंतीकडे केलं.

सिनेमा संपला, टाळ्या झाल्या, तीन खुर्च्या मांडल्या. सूत्रसंचालन करणारे निवृत्त मास्तर म्हणाले, "आता कोणाला काही विचारायचं असेल तर." एकानं ट्रकचं मॉडेल विचारलं. एका बाईनं, शूटिंगला परवानगी लागते का, ते विचारलं. मग पुढच्या रांगेत एक हात वर झाला.

आबांचा.

मास्तरांनी स्वतः नेऊन त्यांच्या हातात माईक दिला. आबा उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला. सगळ्यांना नमस्कार केला आणि उल्हासकडे बघून म्हणाले, "पिक्चर बरो झालो."

उल्हास खुर्चीत पुढे सरकला.

"एक विचारू?" आबा म्हणाले. "तो जो ड्रायव्हर दाखयलो, तो तुमचो कोण?"

मागच्या रांगांमधली कुजबुज थांबली. त्या हॉलला इतकी शांतता आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"बापूस," उल्हास म्हणाला.

"अस्सो?" आबांनी मान डोलावली. "गाडी बरी चलयता." मग हॉलभर नजर फिरवून, तो कुठे दिसत नाही म्हणून काळजीनं विचारलं, "मगे तेका आज हाडूक नाय तुमी?"

उल्हासचा माईक मांडीवर तसाच. बाळासोनं खुर्चीच्या हातावर हलकेच दोन थापा मारल्या. तेव्हा कुठे उल्हासनं माईक उचलला.

"फुडल्या खेपेक हाडतंय," तो म्हणाला.

"हाडा," आबा म्हणाले. "तेका बरा वाटतला."